स्कार: व्हिलन ते साथीदार, मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड (जपानी अॅनिमे सिरीज) मी आजवर चार वेळा पूर्ण बघितलंय आणि दरवेळी ज्याच्यासाठी परत जाते तो हिरो एडवर्ड नाही, आगीची किमया करणारा कर्नल मस्टँग पण नाही, तो स्कार आहे. ओळखीतल्या बऱ्याच जणांना मीच ही सिरीज बघायला लावली, त्यामुळे तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. स्पॉयलर भरपूर आहेत, शेवटापर्यंतचे आहेत. ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांनी पहिले दोन प्रश्न वाचून थांबा.

स्कार नक्की कोण? मी अजून काहीच बघितलेलं नाही.

अमेस्ट्रिस नावाचा एक काल्पनिक देश आहे, लष्कराच्या हातात असलेला. तिथे अल्केमी, म्हणजे आपल्याकडे जिला किमया म्हणतात ती, रीतसर शिकतात आणि सरकार चांगल्या किमयागारांना लष्करात घेतं. त्या देशाच्या पूर्वेला इश्वाल नावाचा वाळवंटी भाग, तिथल्या लोकांचे डोळे लाल, रंग सावळा, देवाचं नाव इश्वला (मराठी कानाला तो ईश्वरच ऐकू येतो). या इश्वाली लोकांची सरकारने कत्तल केली. त्यातून वाचलेला एक माणूस म्हणजे स्कार. कपाळावर फुलीसारखा मोठा व्रण, उजव्या हातावर खांद्यापर्यंत गोंदण. तो सरकारी किमयागारांना शोधून शोधून मारतो. हात समोरच्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि संपलं. गोष्टीचा हिरो एडवर्ड स्वतः सरकारी किमयागार आहे, त्यामुळे यादीत त्याचंही नाव आहेच.

कुठून सुरुवात करू? दोन सिरीज दिसतायत.

ब्रदरहूड बघा, २००९ ते २०१० ची, ६४ एपिसोड. २००३ ची जुनी सिरीज ५१ एपिसोडची आहे, ती पण बोन्स स्टुडिओनेच काढली, पण तेव्हा मंगा (मूळ जपानी कॉमिक) अर्ध्यात होता त्यामुळे पुढची गोष्ट त्यांनी स्वतःची रचली आणि तिथला स्कार वेगळ्याच वाटेने जातो. मूळ मंगा हिरोमू अराकावा यांचा, २००१ पासून २०१० पर्यंत मंथली शोनेन गँगनमध्ये आला, २७ खंड. स्कारचा प्रवास जसा लिहिला गेला तसा पूर्ण बघायचा असेल तर ब्रदरहूड किंवा मंगा. जुनी नंतर बघा, ती पण आवडेल.

तो व्हिलन कसा झाला? लहानपणापासून असाच होता का?

अजिबात नाही. तो त्याच्या धर्मातला लढवय्या साधू होता, गुरूंच्या हाताखाली तयार झालेला, आणि इश्वाली धर्मात अल्केमी निषिद्ध, कारण देवाने घडवलेल्या वस्तूला माणसाने वेगळा आकार देणं हा देवाचा अपमान. पण त्याचा मोठा भाऊ मात्र अल्केमी शिकत होता. नुसती अमेस्ट्रिसची नाही, पूर्वेकडच्या शिंग देशातली रेन्तान्जुत्सू पण, जी जास्त करून उपचारासाठी वापरतात. भावाचं म्हणणं होतं की यातून आपल्या लोकांचं भलं होईल, आणि स्कारला ते पटत नव्हतं.

मग युद्ध. १९०१ मध्ये एका अमेस्ट्रियन सैनिकाने एका इश्वाली पोराला गोळी घातली आणि त्यावरून सात वर्षं यादवी पेटली. (ही सगळी गोष्टीतली सालं आहेत.) १९०८ मध्ये आदेश क्रमांक ३०६६ निघाला, सरकारी किमयागारांना इश्वालमध्ये उतरवलं आणि त्यानंतर जे झालं त्याला युद्ध म्हणण्यात अर्थ नाही. किंब्ली नावाचा किमयागार, माणसं उडवण्याचा आवाज ऐकायला ज्याला आवडतो असा, त्याने स्कारचं सगळं कुटुंब एका झटक्यात उडवलं. स्कारचा उजवा हात गेला. भावाने मरता मरता स्वतःचा गोंदलेला उजवा हात किमयेने स्कारला जोडला.

म्हणजे ज्या हाताने तो पुढे इतकी माणसं मारतो तो हात त्याचा नाहीच, भावाचा आहे. आणि भावाने तो दिला होता त्याला जगवायला. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा धाकटा भाऊ शेजारी बसला होता, हॉस्टेलवरून सुट्टीला आला होता, तो काही बोलला नाही, फक्त लॅपटॉपवर पॉज दाबून पाणी प्यायला उठून गेला. बराच वेळ आला नाही परत.

विन्रीच्या आईवडिलांना त्यानेच मारलं ना? मग त्याला साथीदार कसं म्हणायचं?

हो, त्यानेच मारलं. आणि हा प्रश्न टाळून स्कारबद्दल काहीही बोलता येत नाही, त्यामुळे सविस्तर सांगते.

विन्री रॉकबेल म्हणजे एडवर्डची लहानपणापासूनची मैत्रीण, त्याचा लोखंडी हात-पाय बनवणारी. तिचे आईवडील डॉक्टर. दोघं अमेस्ट्रियन असूनही इश्वालमध्ये जाऊन इश्वाली जखमींवर उपचार करत राहिले, परत या म्हटलं तरी आले नाहीत. स्कार शुद्धीवर आला तो त्यांच्याच दवाखान्यात. आजूबाजूला बघतो तर अमेस्ट्रियन चेहरे, स्वतःच्या खांद्याला बघतो तर भावाचा हात. भाऊ गेला हे त्याला त्या क्षणी कळलं. आणि त्या भरात त्याने ज्यांनी त्याचा जीव वाचवला त्या दोघांनाच मारलं.

याचं समर्थन गोष्ट करत नाही, स्कारही करत नाही. माझ्या मते हे पात्र इतकं खरं वाटतं ते यामुळेच. पुढे विन्री त्याला समोरासमोर विचारते, का मारलंस, तेव्हा त्याच्याकडे युद्धाची, किंब्लीची, आदेश ३०६६ ची सगळी कारणं तयार आहेत, सांगितली असती तर कोणी त्याला खोटं म्हटलं नसतं. पण तो म्हणतो की मी काहीही बोललो तरी ती सबब होईल.

तो बदलला नक्की कधी? एकच एपिसोड सांगा.

एक नाही सांगता येणार. लोक ३८ वा म्हणतात, मी २२ पासून मोजते.

२२ व्या एपिसोडमध्ये सेंट्रल शहरात एडवर्ड, त्याचा धाकटा भाऊ अल्फॉन्स (नुसतं चिलखत उरलेला) आणि स्कारची मारामारी चालू असते आणि बोलण्याबोलण्यात रॉकबेल डॉक्टरांचा विषय निघतो. विन्री नेमकी तेव्हाच तिथे येऊन पोचते आणि तिच्या कानावर ते पडतं. जमिनीवर पिस्तूल पडलेलं असतं, ते ती उचलते. स्कार तिला सांगतो की तुला मला मारायचा हक्क आहे, पण गोळी झाडलीस की त्या क्षणापासून तू माझी शत्रू. तिचे हात थरथरतायत, गोळी सुटत नाही. आणि एडवर्ड धावत येऊन तिच्यापुढे उभा राहतो, पाठ स्कारकडे, स्वतःच्या अंगाने तिला झाकून. स्कारचा उचललेला हात तिथेच थांबतो कारण त्याला त्याच्यापुढे असाच उभा राहिलेला भाऊ दिसतो.

नंतर एडवर्ड तिची बोटं एकेक करून पिस्तुलावरून सोडवतो आणि म्हणतो की तुझे हात माणसं मारायचे नाहीत, जगवायचे आहेत. स्कार तोवर तिथून निघून गेलेला असतो, त्याने हे ऐकलेलंही नसतं. पण बघणाऱ्याच्या डोक्यात तेव्हापासून हात हा विषय बसतो. भावाचा हात, विन्रीचे हात, एडवर्डचा लोखंडी हात जो याच स्कारने पावसात फोडला होता. अराकावांनी हे सगळं इतकं शांतपणे पेरलंय की पहिल्या वेळेला लक्षातही येत नाही.

मग ३८ व्या एपिसोडमध्ये काय होतं?

उत्तरेत ब्रिग्जच्या डोंगरात बासकूल नावाचं ओसाड खाणगाव आहे. तिथे स्कारला पकडतात. विन्री म्हणते मला त्याच्याशी बोलायचंय. वर लिहिलेला प्रश्न ती इथे विचारते. आणि मग त्याच्या वाहत्या जखमेला ती पट्टी बांधते. कशासाठी, तर माझे आईबाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं म्हणून.

स्कारला वाटतं आपल्याला माफी मिळाली. तो तसं विचारतो. ती लगेच सांगते, गैरसमज करून घेऊ नकोस, जे झालं त्याला माफी नाही.

या ठिकाणी स्कारला त्याच्या गुरूंचं बोलणं आठवतं, की सोसणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. जगाने केलेला अन्याय अन्याय म्हणूनच लक्षात ठेवायचा, त्यावर रागवायचं, पण त्याची साखळी आपल्यापाशी थांबवायची. गुरूंनी हे सांगितलं तेव्हा त्याला ते दुबळ्याचं बोलणं वाटलं होतं. आता समोर सोळा-सतरा वर्षांची पोरगी नेमकं तेच करून दाखवतेय, पट्टीची गाठ मारतेय, आणि डोळ्यात पाणी आहे.

मला वाटतं अॅनिमेमध्ये व्हिलनला चांगलं करायची जी नेहमीची पद्धत असते, की हिरोने हरवलं, दोन वाक्यं बोलला, तो रडला, सगळ्यांनी मिठी मारली आणि पुढच्या एपिसोडला तो कॉमेडी करतोय, त्याच्या बरोबर उलटं इथे आहे. इथे माफी मिळतच नाही. शेवटपर्यंत नाही. माफी न मिळताही तो बाजू बदलतो, कारण काम पुढ्यात आहे. आमच्या गावी माझे वडील आणि चुलते अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण सांगण्यासारखं नाही, पण सामाईक विहिरीवरची मोटर बिघडली की दोघं एकत्रच दोर धरून उभे असतात, कोणी कोणाला सॉरी म्हटलेलं नाही. इश्वालच्या कत्तलीशी याची बरोबरी नाहीच करता येणार, पण बासकूलचा सीन बघताना मला तो दोरच आठवला.

आणि पट्टी बांधून झाल्यावर विन्री स्वतःच सुचवते की स्कारने मला पळवून नेल्याचं नाटक करायचं! किंब्ली तिला ओलीस म्हणून वापरतोय, तिथून सुटायला दुसरा मार्ग नाही. म्हणजे ज्याने आईवडिलांना मारलं त्याच्यासोबत ती खाणीच्या बोगद्यातून निघते. विश्वास म्हणून नाही, दुसरा रस्ता नाही म्हणून, आणि तो तिला सुखरूप पुढे नेतो.

डॉक्टर मार्कोला त्याने का सोडलं? तो तर इश्वालच्या कत्तलीत होता.

होता. इश्वाली माणसांचे जीव वापरून फिलॉसॉफर्स स्टोन, म्हणजे किमयेची ताकद वाढवणारा दगड, बनवण्याचं काम त्यानेच केलेलं. स्कार जेव्हा त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा मार्को होमुन्कुलसांच्या (किमयेने बनवलेल्या कृत्रिम माणसांच्या) कैदेत आहे आणि स्वतःच सगळं कबूल करून म्हणतो मला मार. आधीचा स्कार असता तर एक सेकंद लागला नसता. पण मार्कोकडून त्याला कळतं की ते युद्धच मुळात घडवून आणलेलं होतं, त्या पोराला गोळी घालणारा सैनिक म्हणजे वेष बदललेला एन्वी, एक होमुन्कुलस, होता, देशभर रक्त सांडायचं होतं म्हणून इश्वाल पेटवलं. इतकी वर्षं आपण ज्यांना मारत सुटलो ते फक्त हात होते, डोकं दुसरीकडेच होतं, हे त्याला तिथे कळतं. मग तो मार्कोला घेऊन उत्तरेला निघतो, भावाच्या वह्या शोधायला, कारण त्या वाचू शकेल असा किमयागार पाहिजे. सोबत शिंगची छोटी राजकन्या मेई चँग आणि लष्करातून हाकललेला योकी. ही चौकडी माझी सिरीजमधली सगळ्यात लाडकी आहे, चौघांचं एकमेकांशी काहीच नातं नाही आणि तरी ते चूल पेटवून एकत्र बसतात.

भावाच्या वहीत काय होतं? मला तो भाग नीट कळला नाही.

सांगते, हा माझा फेव्हरेट भाग आहे. वहीत जुन्या इश्वाली भाषेत टिपणं आहेत आणि त्यात अमरत्व आणि सोनं हे शब्द सारखे सारखे येतात. सगळे बसून अर्थ लावतात आणि काहीच लागत नाही. मग लक्षात येतं की हे शब्द मुद्दाम भरलेत, तेच सारखे असलेले भाग एकमेकांवर जुळवून पानं लावली तर अख्ख्या देशाएवढं रूपांतर-वर्तुळ (किमया करायला आखतात ते) दिसतं, म्हणजे शत्रूचा प्लॅन. भावाला तो तेव्हाच समजला होता. पण एवढं तर त्यांना आधीच कळलेलं असतं. मग सगळे हताश. आणि मग कोणीतरी पानं उलटी करतं. मागच्या बाजूने बघितलं तर दुसरंच वर्तुळ तयार होतं, रेन्तान्जुत्सू मिसळलेलं, शत्रूच्या वर्तुळावरचा उतारा.

म्हणजे भाऊ नुसतं मोडण्याचं लिहून गेला नव्हता. अल्केमीच्या तीन पायऱ्या असतात, समजून घेणं, मोडणं, परत घडवणं. स्कारच्या उजव्या हातावर फक्त मोडण्याचं गोंदण आहे, घडवण्याचं भावाच्या डाव्या हातावर होतं आणि तो हात भावासोबतच गेला. स्कार दुसऱ्या पायरीवर अडकलेला माणूस आहे हे एडवर्ड अगदी सुरुवातीलाच, मार खाता खाता ओळखतो. शेवटच्या लढाईत स्कार बाही फाडतो तेव्हा डाव्या हातावर नवीन गोंदण असतं. तो घडवायचं गोंदवून आलेला असतो. ज्या विद्येला तो आयुष्यभर पाप म्हणत आला तीच. मला तिथे अंगावर काटा येतो, चौथ्यांदाही आला.

देश नक्की कोणी वाचवला, होहेनहाइमने की स्कारने?

दोन वेगळी कामं आहेत, लोक सरमिसळ करतात. होहेनहाइमने, म्हणजे एडवर्डच्या वडिलांनी, आधीपासून पेरून ठेवलेल्या वर्तुळामुळे अमेस्ट्रिसच्या लोकांचे ओढून घेतलेले जीव परत त्यांच्या अंगात गेले. पण फादरने, म्हणजे होमुन्कुलसांच्या म्होरक्याने, किमयागारांची अल्केमी बंद पाडलेली होती, ती परत चालू झाली ती स्कारच्या, म्हणजे भावाच्या वर्तुळामुळे. दोन्ही झालं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

आणि त्यात स्कार एकटा नव्हता. ठिकठिकाणच्या वस्त्यांमध्ये पांगलेले इश्वाली लोक या कामात उतरले. ज्या देशाने त्यांना संपवायला घेतलं तोच देश वाचवायला. मला याबद्दल अजून एक-दोन एपिसोड हवे होते, सिरीज इथे खूप पटकन पुढे जाते.

किंब्लीला त्याने मारलं की नाही?

नाही. ट्रेनमध्ये एकदा त्याला चांगलंच जखमी करतो, पण किंब्ली शेवटी मरतो तो हाइन्केल नावाच्या कायमेराच्या (माणूस आणि प्राण्याचा संकर) हल्ल्यामुळे, स्कार तिथे नसतोच. म्हणजे ज्याने घरदार उडवलं त्याच्यावरचा सूड राहूनच गेला. बऱ्याच जणांना हे खटकतं, माझ्या भावाला पण खटकलं. मला वाटतं की मुद्दाम केलंय आणि बरोबर केलंय, कारण तोवर स्कारच्या अंगावर दुसरी जबाबदारी होती आणि किंब्लीच्या मागे जायला त्याला वेळच नव्हता.

ब्रॅडलीला कसं हरवतो मग? तो तर कोणालाच हरत नव्हता.

किंग ब्रॅडली, देशाचा प्रमुख आणि स्वतः होमुन्कुलस, ज्याने आदेश ३०६६ काढला. लढत ६० च्या आसपासच्या एपिसोडमध्ये आहे. ब्रॅडली आधीच बऱ्याच लढाया करून जखमी आहे हे लक्षात ठेवा, पण तसा पण तो भारीच पडतो. ग्रहण सुटतं, सूर्याचा कवडसा नेमका ब्रॅडलीच्या डोळ्यात जातो, तो क्षणभर चुकतो आणि स्कार त्याचे हात उडवतो. जिंकतो पण अर्धमेला होऊन. या लढाईत दोघांचं एक बोलणं आहे, ब्रॅडली नाव विचारतो, स्कार सांगतो की नाव टाकून दिलंय, आणि ब्रॅडलीला गंमत वाटते, कारण त्याचंही खरं नाव त्याला माहीत नाही. बिननावाची दोन माणसं.

मस्टँगला एन्वीला मारण्यापासून स्कारने का अडवलं? त्याला काय अधिकार?

अधिकार नाही असं तो स्वतःच म्हणतो, ५४ व्या एपिसोडमध्ये. मस्टँगच्या जिवलग मित्राला, ह्यूजला, एन्वीने मारलंय, मस्टँग रागाने आंधळा झालाय, एडवर्ड समोर उभा, त्याची सहकारी हॉकायने मागून बंदूक रोखलेली. आणि स्कार म्हणतो की तू जाळ त्याला, मी तुला थांबवू शकत नाही, पण द्वेषाने ज्याची नजर गढूळ झालीय असा माणूस वर बसला तर तो कसला देश घडवेल ते मला बघायचंय. हे सूड सोडलेल्या साधूचं प्रवचन नाही. सुडात सगळं आयुष्य घातलेला माणूस बोलतोय, त्या खोलीत या विषयातला त्याच्याएवढा जाणकार कोणी नाही. म्हणून मस्टँग ऐकतो.

पण हे अन्यायाचं नाही का? कत्तल करणारे हिरो राहतात आणि ज्याच्यावर कत्तल झाली त्याला सूड सोडायला सांगतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो आणि ज्यांनी विचारला त्यांचं मला पटतं. मस्टँग आणि हॉकाय दोघंही इश्वालमध्ये होते. त्यांनी माणसं मारलीत, निष्पाप माणसं. गोष्ट ते लपवत नाही, ३० व्या एपिसोडमध्ये हॉकाय सगळं सांगते, आणि दोघांचं ठरलेलं आहे की देशात लोकशाही आणायची आणि मग स्वतः युद्धगुन्हेगार म्हणून खटल्याला उभं राहायचं. शेवटी मार्को मस्टँगची लढाईत गेलेली दृष्टी परत आणायला तयार होतो ते सुद्धा इश्वालचं धोरण बदल या अटीवर. तरीसुद्धा स्कार प्रत्येक खुनासाठी शिक्षेच्या सावलीत फिरतो आणि मस्टँगच्या छातीवर पदकं आहेत, हा फरक राहतोच. त्याचा निकाल सिरीज लावत नाही आणि मलाही लावता येत नाही. फक्त एवढं सांगते की सूड सोड असं स्कारला कोणी वरच्या अमेस्ट्रियन माणसाने सांगितलेलं नाही. त्याच्या गुरूंनी सांगितलं, जे त्याच कत्तलीतून वाचले. आणि विन्रीने दाखवलं, जिच्यावर खुद्द त्याने अन्याय केला. हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

इश्वाल कशावरून घेतलंय? खरा काही इतिहास आहे का मागे?

अराकावा होक्काइदोच्या, जन्म १९७३, घरची डेअरी, चित्रकार व्हायला टोकियोला जाण्याआधी सात वर्षं त्यांनी त्याच शेतावर काम केलं. होक्काइदो ही मुळात आयनू लोकांची भूमी. १८६९ मध्ये जपान सरकारने तिचं नाव बदलून ती आपल्यात घेतली, बाहेरून वसाहती बसवल्या, १८९९ च्या कायद्याने आयनूंना शेतकरी आणि जपानी बनवायचा घाट घातला, भाषा गेली, शिकार-मासेमारी गेली. जपानच्या संसदेने त्यांना मूळ रहिवासी मानण्याचा ठराव केला तो थेट २००८ मध्ये आणि तसा कायदा आला २०१९ मध्ये. इश्वाली लोकांमागे आयनूंचा विचार असल्याचं अराकावांनी सांगितलंय, त्या स्वतः वसाहत करणाऱ्यांच्या वंशातल्या. म्हणून मला वाटतं त्या स्कारला सोपं करून टाकू शकल्या नाहीत, ना राक्षस, ना बिचारा.

जुन्या २००३ च्या सिरीजमध्ये त्याचं काय होतं?

मरतो. तिथे रॉकबेल डॉक्टरांना मस्टँगने वरून आलेल्या आदेशाने मारलेलं असतं, त्यामुळे विन्री आणि स्कारचा धागाच नाही. स्कार लिओर शहरात आत आलेल्या सैन्याचा बळी देऊन फिलॉसॉफर्स स्टोन तयार करतो आणि तो अल्फॉन्सच्या चिलखतात जातो. शोकांतिका म्हणून जबरदस्त आहे पण साथीदार वगैरे नाही.

लाइव्ह अॅक्शन बघू का?

२०२२ मध्ये दोन सिनेमे आले, त्यातला पहिला स्कारवरच आहे, काम केलंय माकेन्यूने. तो दिसतो छान, डोळ्यात राग आहे. घाईत उरकल्यासारखं वाटलं मला. अॅनिमे झाल्यावर बघा, आधी नको.

आवाज कोणाचा आहे?

ब्रदरहूडमध्ये जपानी आवाज केंता मियाके यांचा, जुन्या सिरीजमध्ये र्योतारो ओकियायू. इंग्लिश डबला ब्रदरहूडमध्ये जे. मायकल टेटम आहेत. मी जपानीच सांगेन, मियाकेंचा आवाज खालून येतो, प्रार्थनेसारखा. चौथ्या एपिसोडमध्ये नीनाला (बापानेच किमयेने कुत्र्याशी जोडलेली लहान मुलगी) आणि तिच्या बापाला मारल्यावर तो देवाला सांगतो की दोन जीव तुझ्याकडे परत आलेत, ते वाक्य कानात राहतं.

त्याचं खरं नाव काय?

कळत नाही. मंगात नाही, अॅनिमेत नाही. स्कार हे नाव त्याला शोधणाऱ्या लष्कराने व्रणावरून पाडलेलं, आणि इश्वाली माणसाला नाव देवाकडून मिळतं, ते त्याने सूड घ्यायला निघताना टाकून दिलं. शेवटी तो जखमी पडलेला असताना ब्रिग्जची सेनापती ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग त्याला उचलून आणते, तिचा मेजर माइल्स, ज्याचे आजोबा इश्वाली आणि ज्याचे स्वतःचे डोळे लाल आहेत, तो पलंगाशी उभा राहून म्हणतो की इश्वाल परत उभं करायचंय, ये. मग ऑलिव्हिए विचारते, तुला हाक काय मारायची. तो म्हणतो की या जगासाठी मी दोनदा मेलोय, मला नाव नाही, हवं ते म्हणा. आणि माइल्ससोबत जातो.

अगदी शेवटी जे फोटो दाखवतात त्यात तो इश्वालमध्ये माइल्ससोबत दिसतो. व्रण तसाच आहे. तो फोटो मी मोबाइलवर सेव्ह करून ठेवलाय.